भिंत, अकराव्या सेकंदाला

पंधरा वर्षं मी भिंतीच रंगवतोय.
सिमेंट, सळई, सरकीची ढेप, बोअरवेलवाल्याचा नंबर.
दारव्हा रोडच्या प्रत्येक वळणावर माझा हात आहे
आणि खाली कोपऱ्यात, कुत्रं तंगडी वर करतं त्या उंचीला,
‘प्रज्ञा आर्ट्स, बोरगव्हाण’.
म्हणून टीव्हीवाले मला शोधत आले, तेव्हा नवल वाटलं नाही.
एकाच धंद्यातले आपण.

चहाची जाहिरात. तीस सेकंदांची.
तीन गाड्या, एक जनरेटर, दाराएवढे चंदेरी पत्रे
आणि दोन ट्रंकांत घडी घालून आणलेला महाराष्ट्र:
नऊवाऱ्या अकरा, नथा चौदा,
कोल्हापुरी चपला, सगळ्या एकाच मापाच्या.

कौतिकाबाईची भिंत त्यांना आवडली. ऊन बरोबर पडतं.
फक्त निळी होती.
‘हा ब्लू फार ओरडतो,’ म्हणाला तो पोरगा
दोन्ही हातांच्या बोटांची चौकट डोळ्यांपुढं धरून,
‘गेरू मारा. आणि वर ती नाचणारी माणसं काढा, त्रिकोणी.’
मी म्हटलं, ती वारली. तिकडची, समुद्राकडची.
इथून जायचं तर अख्खी रात्र रेल्वे, वरून एसटी.
तो म्हणाला, ‘दादा, बघणाऱ्याला कळतं.’
काय कळतं, ते मी विचारलं नाही.

काढली मी. दिवसाचे अडीच हजार होते.
निळाही मीच दिला होता, चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री,
लाइन गेलेली, कौतिकाबाई मोबाइलचा उजेड धरून उभी,
‘कोपरा सोडू नको रे बाप्पा.’
तोच ब्रश. धुतला होता, एवढंच.

ड्रोन वर गेला. वरून आमचं गाव
टिनाचं निघालं. पाण्याची टाकी, जिनिंगचा पत्रा,
टॉवर, आणि ऊन सगळ्यांवर सारखं.
‘हे नको,’ म्हणाले, आणि खाली उतरवला.

मग वाक्य. कौतिकाबाईला एकच वाक्य होतं:
‘लई ग्वाड झालाय बघा च्या!’
ती म्हणाली, ‘लय गोड झाली बाप्पा चाय.’
कट.
‘मावशी, थोडं गावाकडचं बोला.’
ती माझ्याकडं वळली, ‘कोनत्या गावाकडचं रे?’
सात टेक झाले.
सातव्यात तिनं ‘ग्वाड’ म्हटलं
आणि तोंडात खडा आल्यासारखी थांबली.

पोळा झाला, मग ती जाहिरात लागली.
आधी हिरवा डोंगर, धुकं, कौलारू उतार. आमचं नव्हे.
मग कपात पडणारी धार, हळू, मधासारखी,
आणि किटली धरलेला हात. हात कौतिकाबाईचा.
वर चेहरा दुसऱ्याच बाईचा, आवाज तिसरीचा.
मागं माझी भिंत. लाल, धूसर. त्रिकोण कुणाला दिसू नयेत इतकी.
दोन दिवस मान वर करून काढलेले.

‘माही भित दिसली का?’ तिनं विचारलं.
तिच्या नातवानं, प्रियदर्शीनं, मोबाइलवर ती शोधली,
अकराव्या सेकंदाला अंगठ्यानं थांबवली,
दोन बोटांनी ताणली, ताणली,
वरच्या कोपऱ्यात, माझी शिडी पुरली नव्हती तिथं,
नखाएवढं काहीतरी.
‘निई हाय का ते?’
चष्मा शोधायला ती आत गेली.
तेवढ्यात मोबाइलवर तेलाची जाहिरात सुरू झाली.

काल तिनं विचारलं, पुन्हा द्यायचा तर किती लागेल.
गेरूवर निळा थेट बसत नाही.
आधी पांढरं अस्तर, मग दोन हात, मध्ये एक दिवस सुकायला.
हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर मांडलाय.
बिल कुणाच्या नावानं फाडू,
ती जागा कोरी आहे.